फुलं पोचली

लॉरेल गॅप, अलाबामा
१० नोव्हेंबर १९८०

चि. वेंडेल यास बापाचे आशीर्वाद.

तुमचा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, अभिनंदन. टीव्हीवर त्याच्या मागे डोळे मिटून प्रार्थना करताना तू दिसलास. नवा कोट शोभतो. इकडे गाय व्याली. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतात.

उन्हाळ्यात तू रेडिओवरच्या प्रवचनात म्हणालास, त्या भुईमूगवाल्या राष्ट्राध्यक्षाला पुन्हा मत म्हणजे सैतानाला मत. त्यावर आई बायबलच्या वर्गात म्हणाली, "तो अजून रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवतो, मी त्यालाच मत देणार. वेंडेलचं काय सांगता, त्याचा शेंबूड मीच पुसलाय." बाया हसल्या. चर्चचे पाळक हसले नाहीत. पुढल्या बैठकीत त्यांनी तिचं नाव मंडळीतून काढायचा ठराव मांडला. शेजारच्या व्हर्नेलनेही हात वर केला. "इमोजीन, मनाला लावून घेऊ नकोस गं," म्हणाली, हात वरच ठेवून.

आजाऱ्याच्या घरी मंडळीतल्या बाया जेवण आणतात, भांड्याच्या तळाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावून. सप्टेंबरात आईने अंथरूण धरलं, कुणी फिरकलं नाही. मग मीच कोंबडी शिजवून आपल्याच भांड्यावर व्हर्नेलचं नाव चिकटवायचो. दोन घास खाऊन आई म्हणाली, "व्हर्नेल इतकं वाईट कधीच शिजवत नव्हती." आणि ताट संपवलं.

मंगळवारी मत द्यायला उठते म्हणत होती. त्याच दुपारी गेली.

मला चर्चच्या दफनभूमीत आपल्या लेकीशेजारी, लोटीशेजारी पुरा, एवढंच तिचं मागणं. लोटी गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, आठवत असेल. पाळक म्हणाले, "चर्चची दफनभूमी सभासदांची. वेंडेलने एक फोन केला तर बघू." मी तुझ्या कचेरीत फोन लावला. त्या मुलीला दोनदा सांगितलं, त्याची आई गेली. संध्याकाळी तिचा निरोप आला, "साहेबांना फार वाईट वाटलं. पण या आठवड्यात मंडळीच्या कारभारात पडणं बरं दिसणार नाही. फुलं पाठवतोय."

शुक्रवारी तिला हायवेकडच्या सार्वजनिक दफनभूमीत पुरलं. मी होतो आणि खड्डा खणणारे दोघे.

तुझी फुलं शनिवारी चर्चच्या पत्त्यावर पोचली. काल विजयाच्या उपासनेत पाळकांनी ती वेदीवर ठेवली, तुझं नाव घेऊन आभार मानले. छान होती म्हणतात.

नाताळला तू येशील असं आई शेवटपर्यंत म्हणत होती. येऊ नकोस. तू दारात उभा राहिलास तर मी दार उघडेन, ते बंद ठेवण्याइतका निग्रह माझ्यात नाही. म्हणून आत्ताच सांगतो, येऊ नकोस.

तुझाच बाप,
ऑर्विल