सर्व्हर मुलुंडमध्येच राहील

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.
मिनिटासकट लिहून ठेवते. अन्याय झाला की आधी वेळ टिपावी, रडणं नंतर, असं शाळेत सिस्टरनी शिकवलं.
ओजसने ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दसऱ्यानंतर सगळं बुकिंग क्लाउडवर. मुलुंडच्या ऑफिसातला सर्व्हर बंद. शेवटची तीन वर्षं तिकडे हलवणार; त्याआधीचं काही ठेवायचं असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावं.
ग्रुपवर! ही ट्रान्सपोर्ट कंपनी माझ्या नवऱ्याने, नंदकिशोरने, आणि मी उभी केली. फोल्डिंगच्या टेबलावर मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप केल्या. ओजस त्याचा पुतण्या, आता मालक. मी मार्चमध्ये रिटायर झाले, मेले नाही.
निर्णय: उत्तर द्यायचं नाही. न देणं हेच उत्तर. त्याला समजेल.

शनिवार, १३ सप्टेंबर.
शनिवारी ऑफिसला जातेच. बॅकअप दुसऱ्या कोणाला जमणार नाही. सर्व्हरच्या केबिनमध्ये बसायचं, डिस्क लावायची, त्यावरचं जुनं पुसायचं, नवीन ठेवायचं. डिस्क स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी नाहूरला घरी. आधी हे नंदकिशोर करायचा. तो गेल्यापासून चार वर्षांत माझा एक शनिवार चुकलेला नाही.
मग जरा जुन्या बिल्ट्या तपासते. प्रत्येक बिल्टीला शेवटी 'शेरा' असा रकाना. लोक तिथे 'माल पोचला' लिहितात. नंदकिशोर वाटेल ते लिहायचा. 'ताडपत्री दुहेरी. सु. म्हणते पाऊस येणार, म्हणजे येणारच.' 'नाशिकची गाडी लेट. सु.चा डबा न खाता राहिला. घरी जायची भीती वाटते.' समोरच्याच टेबलावर मी बसलेली असायचे. तोंडाने जे बोलला नाही ते सगळं तिथे.
आज २०१४चा जून वाचला.
पण तो मुद्दा नाही. मुद्दा डेटा सिक्युरिटीचा आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर.
ओजसशी चर्चा. मी अत्यंत शांत होते.
त्याचं म्हणणं, भिवंडीच्या गोडाउनमधून गाडी सुटली की पार्टीला मोबाइलवर दिसायला हवी, नाहीतर पार्टी दुसरीकडे जाते. आणि आपला सर्व्हर इतका जुना की बिघडला तर त्याचा पार्टही मिळणार नाही. मी म्हटलं, स्वतःचं घर असताना भाड्याने कशाला राहायचं? उद्या मालकाने कुलूप घातलं तर? तो म्हणाला, काकू, भाड्याच्या घरात नळ गळला तर बघणारा कोणीतरी असतो, इथे सगळं तूच बघतेस. उद्धट.
जिन्यापर्यंत मागे आला. "काकू, जुनं काय ठेवायचं ते एका ओळीत लिहून दे ना. सगळं हलवतो, माझं काय जातंय?"
मी म्हटलं, माझ्याच कंपनीत मला अर्ज करायला लावतोस?

बुधवार, २४ सप्टेंबर.
विजय. रस्ता खोदताना ऑफिसची इंटरनेटची केबल तुटली. कळताच रिक्षा करून गेले. सर्व्हर झकास चालू. क्लाउडची ट्रायल कोलमडलेली बघायला गेले, तर ऋतिका मोबाइलचं नेट जोडून आरामात बिल्ट्या करत होती. ऋतिका म्हणजे माझ्या खुर्चीवर बसणारी मुलगी. पाठीला माझीच उशी.
भिवंडीवाल्यांची ओरड होती, पण ती सर्व्हर दिसत नाही म्हणून. तत्त्वतः मात्र विजयच.

मंगळवार, ३० सप्टेंबर. संध्याकाळी ७.
मुदत संपली. लिहिलं नाही. ओजसचे दोन फोन आले, उचलले नाहीत. घाबरलाय. आता झुकेल.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.
गाड्यांची पूजा, वजनकाट्याची पूजा. सर्व्हरची मी करणार म्हणून सांगितलं. ओजस म्हणाला, कर. म्हणजे माघार घेतली.
हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा घसघशीत हार घातला. निरांजन एसीच्या वाऱ्याने दोनदा विझलं. एसी बंद केला. लवूने नारळ फोडला. लवू गोडाउनचा मुकादम, मालवणकडचा, पहिल्या गाडीपासून नंदकिशोरबरोबर. ज्योत शेवटपर्यंत टिकली. चांगला शकुन.
केबिनला कुलूप मी स्वतः लावलं. उद्या सुट्टी.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ९.४०.
सर्व्हर बंद पडला आहे. केबिनची भट्टी झाली होती. हार मागच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथेच सरकलेला. ऋतिकाने एसी पुन्हा लावायला हवा होता.

त्याच दिवशी, ११.१५.
किल्ली माझ्याकडे होती.

त्याच दिवशी, दुपारी.
मी शांत आहे. डिस्क घरी, डब्यात. चार वर्षं कशासाठी वाहिली? ओजसला म्हटलं, उद्या बघच.

शनिवार, ४ ऑक्टोबर.
डिस्क ऋतिकाने लावली. तिच्यावर एकच फाइल. ऋतिका हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हा नुसता आयकॉन आहे."
स्क्रीनवरचं ते छोटं चित्र; आत डेटा नाही. चार वर्षं दर शनिवारी मी ते चित्र उचलून घरी नेत होते. आणि पहिल्याच शनिवारी, जागा व्हावी म्हणून, नंदकिशोरने घेतलेला सगळा बॅकअप पुसला होता. नीट आठवतं. स्वच्छ वाटलं होतं तेव्हा.
ओजसने ओरडायला हवं होतं. पाणी आणून दिलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर.
सर्व्हर घेऊन ओजस घाटकोपरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. आतून काही निघणार नाही.
क्लाउडवर आधीच हलवलेली तीन वर्षं आहेत. ऋतिकाने उघडून दाखवली. शेऱ्याचा रकाना आहे. माल पोचला. माल पोचला. माल पोचला.
या तीन वर्षांत नंदकिशोर कुठे होता?
क्लाउडवरची अक्षरं मोठी आहेत. चष्मा लागत नाही. तेवढं नोंदवते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
लवू घरी आला. दसऱ्याचं सोनं द्यायला, पाच दिवस उशिरा. चहा घेतला. म्हणाला, "वैनी, माका वाचूक येना नाय. म्हणान सायब गाडी भरताना शेरो मोठ्यान वाचून दाखवीत."
मी म्हटलं, मग?
मग त्याने सांगितलं. नागपूरची गाडी, मशीनचे सुटे भाग. शेरा: 'सु. आज निळी साडी नेसून आली आहे. मी काही बोललो नाही. लवू हसतोय.'
इतक्या शनिवारांत हा शेरा मला कधी सापडला नव्हता. कदाचित लिहिलाच नसेल, नुसता बोलला असेल. लवूला.
निळी साडी बोहारणीला देऊन वर्षं झाली.

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.
ओजसला द्यायच्या पत्राचा मसुदा. उद्या सुवाच्य अक्षरात उतरवायचा.
'चि. ओजस यास. जुन्या बिल्ट्यांची शेऱ्याची नोंद कामकाजाच्या दृष्टीने अपूर्ण राहिली आहे, हे गंभीर आहे. ती पूर्ण करायला मला क्लाउडचं एक लॉगिन लागेल, आणि दर शनिवारी एक तास लवूला गोडाउनमधून मोकळं करावं लागेल. तो सांगेल, मी लिहीन. क्रम आणि तारखा चुकतील, त्याची जबाबदारी माझी. हे काम भावनेचं नाही. सु. म्हणजे कोण, असं ऑफिसात कोणी विचारू नये. एसीला यापुढे मी हात लावणार नाही. लेखी उत्तर शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळी अकराच्या आत मिळालं पाहिजे. ग्रुपवर दिलंस तरी चालेल.'