नावेवरचं केळीचं पान

आप्पा, तुमची नाव परवा बुडता बुडता राहिली. प्रकाशाच्या घाटाला बांधलेली, जागची न हललेली नाव. शेजारच्या नावाड्या काकांचा फोन आला तेव्हा मी शहाद्याजवळ लोणखेड्याला कॉलेजच्या ऑफिसात होते. "बेटा, तुन्ही नाव मांगे बसी ऱ्हायनी. लवकर ये." तशीच निघाले. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली, आई त्याआधीच गेलेली. आता माझं म्हणावं असं त्या नावेचं तेवढं लोखंडच उरलंय, आणि तेही मी शहाद्यात बसून, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं सांभाळते.

पोचले तर मागची बाजू चांगलीच खाली गेलेली. मी वेड्यासारखी तळाला कुठे गळतंय ते शोधायला वाकले आणि तुमचा आवाज आला. मी बारा वर्षांची, भर पावसात तळ चाचपतेय, आणि तुम्ही ओरडताय, "तळ काय दखस? पानी वरथीन येस!" मग माझं बोट धरून कडेच्या भोकात घालताय. ही भोकं बुजली की पाऊस वरच्या पत्र्यावर साचतो, झाकणातून नावेच्या पोटात उतरतो, नाव खाली बसते. आणि मग पाणी बाहेर सोडणारी हीच भोकं नदी आत घेतात. परवा भोकं नदीच्या वर जेमतेम चार बोटं राहिली होती. आणखी एक सर आली असती तर संपलंच होतं.

एक भोक गाळानं बुजलेलं. दुसऱ्यावर केळीचं पान चिकटलेलं. ते माझंच. पितृपक्षात तुमचा घास मी नावेवर ठेवला होता. माझ्या भाड्याच्या खोलीला गच्ची नाही, आणि तुम्ही आलातच तर इथंच याल असं वाटलं. पान ओढून काढलं, काडीनं गाळ टोकरला, मग काकांनी आणि मी बादल्यांनी पोटातलं पाणी उपसलं. हळूहळू नाव वर आली. काका म्हणाले, "औंदा पानी भलतंच पडनं." मी 'हो ना' म्हणाले आणि पानाचं नाव काढलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. पण खरं काय ते तुम्हाला तरी सांगते. पितृपक्षातल्या त्या दिवशी मला शहाद्याची गाडी गाठायची होती. पान ठेवलं, हात जोडले आणि निघाले. कावळ्यासाठी थांबलेच नाही.