बॉनेटवरची बारीक रेघ

अप्पा, आज आपल्या गेवराईच्या दुकानासमोर एक निळी गाडी येऊन थांबली. तिचं इंजिन बंद होईपर्यंत फळीवरचे रंगाचे डबे थरथरत होते. रुंद, बुटकी गाडी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. आठवतं, आपल्या दुकानाच्या जागेचे जुने मालक शर्यतीच्या एका गाडीचं चित्र मासिकातून फाडून घेऊन आले होते आणि आपल्या साध्या मोटारीवर तसेच पट्टे तुमच्याकडून रंगवून घेतले होते? त्या चित्रातल्या गाडीचा कंपनीने आता नवा अवतार काढलाय, आणि मालकांच्या मुलाने साठी जवळ आल्यावर तो घेतलाय. हायवेवर ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस बॉनेटला घासला आणि पट्ट्याच्या कडेची बारीक रेघ वीतभर निघून गेली. त्यांना पुण्याच्या शोरूमला जायचं नव्हतं. म्हणाले, "तुमच्या अप्पांनी वढली तशी हातानं वढा."

मी हो म्हटलं. गेल्या थंडीपासून माझा उजवा हात कापतो, हे घरातसुद्धा कुणाला ठाऊक नाही. मी हल्ली ट्रकवरची जाड अक्षरंच घेते. जाड अक्षरात खपून जातं. बारीक रेघेत काही लपत नाही.

अजून डोळ्यांसमोर आहे: मी चौदा वर्षांची आहे. स्वयंपाकघरात पाट उलटा टाकून तुम्ही मला रेघा मारायला बसवलंय, आई भाकरी थापतेय. मी मध्येच ब्रश उचलते आणि तुम्ही पाट ओढून घेता. "थांबलीस कावून? थांबली की रेघ मोडती." त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही खारीच्या केसांचा तुमचा ब्रश माझ्या हातात दिलात.

आज तोच ब्रश घेतला. पहिली रेघ चार बोटं अंतरावर मोडली. रॉकेलच्या फडक्याने पुसली. दुसरीही मोडली. धाकटे मालक शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि एवढी महागडी गाडी आपल्या हातून बिघडणार या भीतीने मी ब्रश खाली ठेवला. शेवटी सांगून टाकलं, "मालक, माझा हात कापतोय. दुसऱ्या कुणाकडं न्या."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला घाई न्हाई. बसा जरा."

तिसऱ्यांदा डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रेघ गेली. एका जागी किंचित जाड झालीय. त्यांना दिसली असणार.

हा कागद कुठल्याच टपालपेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. तुमच्या शेवटच्या वर्षी कपातला चहा सदऱ्यावर सांडायचा. मला वाटायचं, तुमचं लक्ष नसतं. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हटलं, "नीट धरता येत न्हाई का?" तुम्ही कप खाली ठेवलात, आणि त्यानंतर माझ्यासमोर कधी चहा घेतला नाहीत. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी पंधरा दिवस माझ्या पिशवीत पडून आहे. तिथे विचारतील, घरात आधी कुणाला असं होतं का. मला हो म्हणावं लागेल, अप्पा, आणि म्हणूनच मी जात नाहीये.