कवळी तोंडात बसली पाहिजे

तीर्थस्वरूप मामांस, दाताळ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली मामीकडून कळते, कारण तुम्ही हल्ली फोनवर येतच नाही. (जन्मभर तर्कशास्त्र शिकवणारा माणूस गप्प बसला म्हणजे आम्हा अडाण्यांना रान मोकळं!)

तर तुमच्या त्या तर्कशास्त्राने परवा माझी अब्रू घालवली. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करणाऱ्या काकू आहेत. त्यांना अंधुक दिसतं म्हणून मालकांनी त्यांना घरी बसवायचं ठरवलं. मला राहवेना. शेवटी मी तुमचा शिष्य (नापास झालेला, पण शिष्यच). मालकांपुढे उभा राहिलो आणि पद्धतशीर मांडलं: कवळीचा खडबडीतपणा बोटांना कळतो, काकूंची बोटं शाबूत आहेत, म्हणून पॉलिशसाठी काकूंना डोळ्यांची गरज नाही. बिनतोड! पुढे तीन पोटमुद्दे होते, पण दुसऱ्यालाच मालकांनी जांभई दिली आणि विचारलं, "म्हणजे डोळस माणसं ठेवली हा माझा मूर्खपणा?" मी म्हणालो, तसा निष्कर्ष यातून निघत नाही, पण वेगळ्या पुराव्यांवरून काढता येईल. त्यानंतर माझीच नोकरी हलायला लागली.

तेवढ्यात काकू हात पुसत आल्या. "मालक, तुमची कवळी कुठं टोचते का हो?"

"छे!"

"गेल्या वर्षी मीच घासली. तेव्हाही दिसत नव्हतंच."

मालकांनी जिभेने कवळी चाचपली. बराच वेळ चाचपली. काकू कामावर राहिल्या.

मामा, मुद्दा माझाच होता हो! मी तो हवेत मांडला, काकूंनी मालकांच्या तोंडात नेऊन बसवला. तुम्ही वक्तृत्वाला नेहमी नावं ठेवलीत, पण दात कितीही पक्के असले तरी हिरडीवर बसले नाहीत तर चावायचं कशाने? (दात नसलेली नुसती हिरडी घेऊन सभा गाजवणारेही पाहिलेत. ते सोडा.)

तुमचाच,
दाताळ्या

ता. क. आठ महिने तुमच्या कपाटात पडलेली कवळीसुद्धा काकूंनीच घासली आहे. 'दातांवाचून जेवतो, म्हणून दातांची गरज नाही' हे तुमचं म्हणणं मी वर्गात मांडलं असतं, तर तुम्ही माझा कान पिळला असता.

ता. क. दुसरा. हे पत्र मामीने लिहायला लावलं. तुम्ही कवळी का घालावी याचे माझे चारही मुद्दे तिने फोनवरच खोडले आणि म्हणाली, एवढंच लिही: "कवळी घाला आणि माझ्याशी भांडा. तोंडाचं बोळकं झाल्यापासून मी म्हणेन त्याला नुसती मान डोलावता. असं एकटीनं किती दिवस जिंकायचं?"