चौतीस वेळा उघडलेली फाईल

१२ मार्च, सांगली
फाईली शोधण्यात माझं अर्धं आयुष्य जातं, म्हणून आमच्या पेपरच्या फोटोवाल्या दादूने लॅपटॉपवर एक प्रोग्राम टाकून दिला. दोन बटणं दाबली की एक पट्टी येते. नावाची दोन-तीन अक्षरं टाकायची, एंटर, फाईल हजर. "फुकट हाय सर, आन लय गुणाचं हाय." संस्कृत व्याकरणाच्या सूत्रकारांनाही इतक्या कमी अक्षरांत एवढं काम जमलं नव्हतं.

१५ मार्च
पट्टी येईना. तीच बटणं दुसऱ्या एका प्रोग्रामने बळकावली होती. बदलली. पट्टी आली, तर काही सापडेना. कळफलक मराठीवर, फाईलींची नावं इंग्रजीत. दादूला सांगितलं नाही.

४ जुलै
साताऱ्याचे गुरुजी मिरजेत दवाखान्यात. ज्यांच्याकडे संस्कृत शिकलो, ते. संपादकांचा फोन : "मजकूर तयार ठेवा." आमच्या धंद्यात मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. लिहिला. बरा उतरलाय. मिरजेला उद्या जाईन.

११ जुलै
गुरुजी बरे होऊन घरी गेले. जायचं राहिलंच. लेखात मात्र दोन वाक्यं सुधारली.

९ जाने., सातारा
गुरुजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी गौरवलेख लिहिला, तो दाखवायला गेलो. गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच. गुरुजी म्हणाले, "पोट वाढलंय. पाठांतर उरलंय का काही?" काकू हसल्या. ऐटीत पट्टी आणली, 'गुरुजी'ची पहिली तीन इंग्रजी अक्षरं टाकली, एंटर, आणि न बघता लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. चहा घेतला.
मृत्युलेख उघडला होता.
मला दिसलं तेव्हा गुरुजी अर्ध्यावर आले होते. हात पुढे केला, त्यांनी तो नुसता बाजूला सारला. काकूंचा चष्मा आत होता. "काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा की."
वाचलं त्यांनी. निधनाची पहिली ओळ आणि 'पश्चात पत्नी'ची शेवटची ओळ गाळून, बाकी सगळं. आवाज हलला नाही.
काकू : "किती मनापासून लिहिलंय हो यानं!"
दाराशी म्हणालो, "गुरुजी, प्रोग्रामची चूक. फुकटचा आहे ना."
"असेल."

१० जाने., सांगली
प्रोग्राम काढला, परत टाकला. तीन अक्षरं, एंटर. पुन्हा तीच फाईल. आता त्याला नावं ठेवायला मोकळा झालो म्हणून दादूला बोलावलं. त्याने कुठलीशी यादी उघडली.
"बिघाड न्हाई सर. तुमी जी जास्त येळा उघडताय, ती वर येती. काढला तरी जुनी नोंद ऱ्हाती. ही बघा, चौतीस येळा. दुसरी दोनदा." मग फाईलीचं नाव वाचलं. "आवं, हे तर अजून हायती न्हवं? जित्या माणसाला चौतीस डाव वाटंला लावलं व्हय तुमी?"
हसलो. तो हसला नाही.
खरं आहे. विशेषण सुचलं की उघडायचो. इतकं चांगलं मी दुसरं काही लिहिलेलं नाही. गौरवलेख एका दुपारी उरकला.

१३ जाने.
काकूंचा फोन. पुस्तिकेत तोच लेख हवा, गुरुजींनी वाचला तो. "दुसरा कशाला?" हो म्हणालो. पहिली आणि शेवटची ओळ काढून पाठवता येईल. कुणाला कळणार नाही. एकाला सोडून.

१६ जाने.
पाठवला नाही. रविवारी कार्यक्रम. आज फोन केला. गुरुजींनीच घेतला. म्हणालो, "प्रोग्राम बरोबर होता. मीच सारखा तो उघडत होतो, म्हणून वर आला. त्या दिवशी खोटं बोललो."
मागून काकूंचा आवाज : "अहो, कोण आहे?"
"कोणी नाही. बातमीदार."
फोन ठेवला त्यांनी. थट्टा असेल. गुरुजी वर्गात अशीच करायचे, आणि पुढच्या बाकावरचे हसले की आपण सुटलो असं समजायचं. आज कुणी हसलं का, ते ऐकू आलं नाही.
रविवारच्या सकाळच्या साताऱ्याच्या गाडीचं तिकीट काढलं.