कोठा रिकामा होता

पेडगाव,
श्रावण शुद्ध तृतीया

प्रिय रेवणसिद्ध,

आशीर्वाद. आई गेल्यावर तुला मीच वाढवलं, म्हणून हात अजून आशीर्वादच लिहितो. पोरं बरी आहेत. धाकटा रोज विचारतो, अप्पा कधी येणार. त्याला काय सांगू, ते आता तूच सांग.

तुझ्या दाजींनी केलं ते वाईटच केलं. दिनकररावांनी आमच्या उभ्या ज्वारीत गुरं घातली, म्हणून यांनी भर दुपारी त्यांच्या शेतातल्या आखाड्यावरचा कोठा पेटवला. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण किती? वकिलांनी आधीच समजावलं होतं, माणूस राहत नाही असा कडब्याचा कोठा जाळला तर वर्ष-दोन वर्षं आणि दंड. माणसं राहतात ते घर जाळलं तर दहा वर्षांपर्यंतही जाऊ शकतं. सगळा खटला त्या एवढ्या गोष्टीवर उभा होता. आणि दिनकररावांचा कारभारी तू. त्या कोठ्यात कडबा कुणी रचून घेतला? तूच ना?

आग लावल्यावर हे वऱ्हाडात पळायला निघाले होते. तिथं इंग्रजांचा अंमल, इकडचे निजामाचे पोलीस येत नाहीत म्हणे. मी दार अडवलं. हे म्हणाले, "भागम्मा, त्या बड्या लोकांपुढं आपलं कोण हाय?" मी म्हणाले, "माझा भाऊ हाय. त्यो खोटं बोलायचा न्हाई." त्या शब्दावर हे आपल्या पायांनी ठाण्यात गेले.

परभणीच्या अदालतीत तू शपथेला गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलंस, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आपल्यात ते हातात धरून कुणी खोटं बोलतं का रे? तू बोललास. सालगडी मुंजाजी बायकोसकट त्या कोठ्यात राहत होता म्हणालास. मुंजाजीची झोपडी ओढ्यापलीकडे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यानंही मान डोलावली, पण तो मालकाच्या भाकरीवर जगतो, शिवाय परका. त्याचा मला राग नाही. निकाल उर्दूत वाचला. मला "सात साल" एवढंच कळलं. तू खाली बघून चपला शोधत होतास. केसानं गळा कापलास, रेवण. पुढच्याच महिन्यात दिनकररावांनी ओढ्याकाठचं रान तुला बटाईनं दिलं, तेही कानावर आलं.

आणि आज पंचमीसाठी मला न्यायला तू गाडी पाठवलीस. आश्रुबा दारात बैल धरून उभा आहे. म्हणतो, "अक्का, बसा की. रेवणमालक वाट बघायलेत." त्याच्याच हाती हे पत्र देते आणि गाडी रिकामी परत पाठवते. हैदराबादेत अपील दाखल झालं आहे. साक्षीदारानं स्वतः येऊन खरं सांगितलं, तर शिक्षा कमी व्हायची आशा आहे, असं वकील म्हणतात. खोट्या साक्षीबद्दल मग तुला तुरुंग होऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. तसं झालं तर तुझी बायको-लेकरं माझ्या घरी राहतील. आधी त्यांचं ताट वाढीन, मग माझ्या पोरांचं. मला न्यायचंच असेल तर हैदराबादेला न्यायला ये. माहेराला नको.

तू येईपर्यंत अक्का नाही, नुसतीच,
भागम्मा