अव्नेर, कुणाचा मुलगा

रविवार, ३ मार्च
गुरुवारी अव्नेरचं हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. म्हणजे घाबरण्यासारखंच आहे.

संध्याकाळी प्रार्थनाघरातला मिमून दारात. "आजाऱ्यांच्या यादीत घालतो गं. अव्नेर, आणि आईचं नाव... विचारतोय काय मी, तुझंच की, फ्रेहा!" आजाऱ्यासाठी मागताना बापाचं नाव चालत नाही, आईचंच लागतं. "उद्या सांगते," म्हटलं.

सोमवार, ४ मार्च
अव्नेर माझ्या पोटचा नाही, माझ्या थोरल्या बहिणीचा, सोलिकाताईचा. तिला पाच, मला एकही नाही. सहावा तिने माझ्या मांडीवर ठेवला. एकतीस वर्षं झाली. हे गेले, दाजीही गेले, आता फक्त आम्हा दोघींना ठाऊक. अव्नेरलाही नाही.

खोटं नाव दिलं आणि ते देवापर्यंत पोचलंच नाही तर? खरं दिलं तर गुरुवारी मिमून भर प्रार्थनासभेत मोठ्याने वाचणार. गावभर होईल. ऑपरेशनच्या दिवशीच!

मंगळवार, ५ मार्च
आमच्या आद्यमातांच्या कबरीवर जाऊन आले. धर्मग्रंथातली बिल्हा तिथेच पुरलीय म्हणतात. राहेलला मूल होईना, म्हणून तिने ही दासी नवऱ्याला दिली. बाळंतपणं बिल्हाची, मुलांची नावं ठेवली राहेलने. दर शुक्रवारी मुलींना आशीर्वाद देतो – सारा, रिबेका, राहेल, लेआसारख्या व्हा. बिल्हाचं नाव कुणी घेत नाही. मीही कधी घेतलं नाही. फार लाज वाटली.

बुधवार, ६ मार्च
मिमूनला म्हटलं, "साराचा मुलगा म्हण." आईचं नाव ठाऊक नसलं की तसं म्हणतात. "डोकं ठिकाणावर आहे ना? आई समोर उभी आहे की!" पळपुटी मी.

शेवटी सफेद गावी राहणाऱ्या ताईला फोन केला. "ताई, तुझंच नाव देते. त्याला कळलं तर कळू दे. माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, जगू दे." ती म्हणाली, "मिमूनचा नंबर दे. मी बघते."

गुरुवार, ७ मार्च
अव्नेरला आत नेलंय. ताईचा फोन आला. "फ्रेहाचा मुलगा असंच लिहायला सांगितलं मी. एकतीस वर्षं रोज सकाळी त्याच्यासाठी तुझ्याच नावाने मागतेय. आता मध्येच नाव बदलून देवाला कोड्यात टाकू नकोस."